जुन्या मोटारीचे इंजिन घरी दुरुस्त करताना : आधी मोजा, मग पाना उचला

विद्यार्थी मित्रांनो, विज्ञानाच्या पुस्तकात 'उष्णतेने धातू प्रसरण पावतो' हे वाक्य आपण सगळ्यांनी पाठ केलेले असते. परीक्षेत ते लिहून गुणही मिळवलेले असतात. पण ते वाक्य एखाद्या गाडीचे इंजिन कसे बंद पाडते आणि ते ठाऊक असेल तर इंजिन भंगारात जाण्यापासून कसे वाचते, हे मला स्वतःला फार उशिरा कळले. त्याची हकिकत आणि त्यातून शिकलेला पाठ या अंकात देत आहे. पालकांनीही वाचावा, कारण यात दोन-तीन गोष्टी जिवावर बेतणाऱ्या आहेत.

आमच्या घरी, बेळगावात, वडिलांनी १९८४ साली घेतलेली अ‍ॅम्बॅसेडर आहे. ही गाडी इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३ या गाडीवरून घेतलेली. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यात ती तयार होत असे आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. आमच्या गाडीत जुने १४८९ सी. सी. चे पेट्रोल इंजिन आहे. वडिलांनी या गाडीतून माझ्या बहिणीला सासरी पोचवले, आजीला दवाखान्यात नेले. निवृत्तीनंतर मात्र गाडी अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जास्त आणि रस्त्यावर कमी अशी स्थिती झाली.

दोन वर्षांपूर्वी गाडी कुरकुरू लागली. सकाळी लवकर सुरू होईना. सुरू झालीच तर उभ्या जागी थरथर कापे. चढावर दम टाके. गाव सोडून जरा चढण लागली की दुसऱ्या गिअरवर यावे लागे. एका मेकॅनिकला दाखवली. त्यांनी पाच मिनिटे आवाज ऐकला आणि सांगितले, "रिंगा गेल्या. इंजिन खाली उतरवून बोअर करावे लागेल. त्यापेक्षा भंगारात द्या." नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीखही जवळ आली होती. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते, हे पालकांना ठाऊकच आहे. वडील काही बोलले नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी गाडी पुसली नाही, एवढेच माझ्या लक्षात आले.

मे महिन्याची सुट्टी होती. माझा भाचा नववीत गेलेला, आमच्याकडे राहायला आला होता. आम्ही दोघांनी ठरवले की भंगारवाल्याला बोलावण्याआधी नेमके काय बिघडले आहे ते तरी पाहू.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात

पेट्रोल इंजिन चालायला तीन गोष्टी लागतात. एक, पेट्रोल आणि हवा यांचे योग्य मिश्रण. दोन, त्या मिश्रणावर पुरेसा दाब. तीन, नेमक्या वेळी पडणारी ठिणगी. या तिन्हींपैकी एक जरी कमी पडली तरी इंजिन कुरकुरते. बिघाड शोधायचा म्हणजे तिन्हीपैकी कोणती कमी पडते हे शोधायचे.

आम्ही इथेच पहिली चूक केली. न शोधता भाग बदलू लागलो. नवे प्लग आणले, पॉइंट आणि कंडेन्सर बदलले, कार्बुरेटर उघडून साफ केला. प्रत्येक वेळी 'आता होईल' असे वाटे. पैसे गेले, दोन रविवार गेले आणि गाडी होती तशीच राहिली. वडील वऱ्हांड्यातून पाहत होते. तिसऱ्या रविवारी म्हणाले, "काय कराल्यात रे तुम्ही? डॉक्टर आधी नाडी बघतो, मग औषध देतो. तुम्ही औषधाचं दुकानच रिकामं करालाय."

ते खरेच होते. मग वही उघडली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

पहिली परीक्षा : कोणता सिलिंडर काम करत नाही?

इंजिन उभ्या जागी चालू ठेवून एकेका प्लगची वायर क्रमाने काढायची. जो सिलिंडर नीट काम करतो त्याची वायर काढली की इंजिन आणखी अडखळते. जो मुळातच काम करत नाही त्याची वायर काढली तरी काही फरक पडत नाही. आमच्या इंजिनात पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन मरायला टेकत असे. तिसऱ्याची काढली तर काहीच नाही. म्हणजे चार बैलांच्या गाडीत तिसरा बैल नुसता जूला बांधलेला होता.

येथे सावधगिरीची सूचना : प्लगच्या वायरीत हजारो व्होल्टचा दाब असतो. रबरी मुठीचा चिमटा वापरावा आणि काढलेली वायर इंजिनाच्या लोखंडाला टेकवून ठेवावी. हे काम मोठ्या माणसानेच करावे. ही पद्धत फक्त पॉइंट असलेल्या जुन्या गाडीसाठी आहे. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या नव्या गाडीत अशी वायर काढली तर महागडा भाग जळू शकतो.

तिसऱ्या प्लगला ठिणगी होती. तो प्लग दुसऱ्याच्या जागी घालून पाहिला, दोष तिसऱ्यातच राहिला. पेट्रोल चारही सिलिंडरना एकाच कार्बुरेटरमधून येते. म्हणजे उरला दाब.

दुसरी परीक्षा : दाब मोजणे

दाब मोजायला कॉम्प्रेशन गेज नावाचे साधे घड्याळ मिळते. इंजिन गरम करावे, मग बंद करून चारही प्लग काढावेत, कॉइलची वायर सोडावी म्हणजे ठिणगी पडणार नाही. गेज प्लगच्या भोकात बसवून स्टार्टर पाच-सहा फेरे फिरवावा आणि आकडा लिहावा.

आम्ही मोजले. पहिला ८५, दुसरा ८८, तिसरा ४५, चौथा ८४ पौंड. माझा चेहराच उतरला. चारही कमी! म्हणजे मेकॅनिकचे बरोबर होते, रिंगा गेल्या. मी गेज पेटीत ठेवायला लागलो. भाचा मात्र पुस्तिका वाचत बसला होता. तो म्हणाला, "मामा, यात लिहिलंय की मोजताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा. आपण दाबला होता का?"

नव्हता दाबला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला नाही तर कार्बुरेटरमधली झडप बंद राहते. हवा आतच येत नाही, मग दाब कुठून होणार? पुन्हा मोजले. या वेळी आकडे आले ते असे :

पहिला सिलिंडर : ११८ पौंड
दुसरा सिलिंडर : १२० पौंड
तिसरा सिलिंडर : ६२ पौंड
चौथा सिलिंडर : ११५ पौंड

तीन सिलिंडर ठणठणीत, एकच आजारी. विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगशाळेत 'निरीक्षण दोनदा घ्या' असे सर सांगतात तेव्हा आपल्याला कंटाळा येतो. त्या दिवशी एक चुकीचे निरीक्षण आमची गाडी भंगारात पाठवणार होते.

तिसरी परीक्षा : दाब कुठून पळतो?

सिलिंडरमधला दाब पळायला तीनच वाटा असतात. पिस्टनच्या रिंगांवरून खाली, व्हॉल्व्हमधून बाजूला किंवा हेड गॅस्केटमधून शेजारी. त्या ओळखायच्या कशा?

रिंगांसाठी : प्लगच्या भोकातून एक लहान चमचा इंजिन ऑइल सिलिंडरमध्ये टाकावे आणि पुन्हा दाब मोजावा. ऑइल रिंगांभोवती पसरून फटी तात्पुरत्या बुजवते. आकडा बराच वाढला तर रिंगा झिजल्या असे समजावे. आमचा आकडा ६२ वरून ६६ झाला. म्हणजे रिंगा दोषी नव्हत्या. बोअर करण्याचा खर्च येथेच वाचला.

गॅस्केटसाठी : शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचा दाब एकदम कमी असेल, तर त्यांच्या मधला गॅस्केटचा भाग जळला असण्याची शक्यता फार. रेडिएटरमध्ये बुडबुडे येणे किंवा ऑइल दुधासारखे पांढुरके होणे याही गॅस्केटच्या खुणा. आमचा एकच सिलिंडर कमी होता, पाणी स्वच्छ होते, ऑइल काळे पण साफ होते.

उरला व्हॉल्व्ह. इंजिनाचे वरचे झाकण काढून फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पोलादी पात्यांनी, व्हॉल्व्ह आणि रॉकर यांमधली फट मोजली. आमच्या पुस्तिकेत ही फट ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मि.मी. दिली आहे. बाकीच्या व्हॉल्व्हांवर ती ०.२० ते ०.२५ मि.मी. भरली. पण तिसऱ्या सिलिंडरच्या धूर बाहेर टाकणाऱ्या व्हॉल्व्हवर ०.०५ मि.मी.चे सगळ्यात पातळ पातेसुद्धा शिरेना. फट शून्य!

ही फट कशासाठी असते?

आता पाठाचा गाभा. समजा, व्हॉल्व्हची लांबी १०० मि.मी. आहे आणि चालू इंजिनात तो सरासरी ४०० अंशांनी तापतो. पोलादाचा प्रसरणांक अंशाला साधारण ०.००००१२ धरू.

वाढ = १०० × ०.००००१२ × ४०० = ०.४८ मि.मी.

हेडही तापून वाढतेच, म्हणून प्रत्यक्ष फरक यापेक्षा कमी पडतो. तरी तत्त्व लक्षात घ्या. व्हॉल्व्ह तापून लांब होणार, म्हणून त्याला आधीच जागा ठेवायची. जागा ठेवली नाही तर लांब झालेला व्हॉल्व्ह रॉकरला टेकतो आणि पूर्ण मिटत नाही. दार नीट लागले नाही की फटीतून वारा येतो, तसा दाब फटीतून पळतो. एवढ्यावर थांबत नाही. व्हॉल्व्ह मिटल्यावर आपली उष्णता बैठकीला, म्हणजे सीटला देतो आणि गार होतो. मिटलाच नाही तर तो गार होत नाही आणि शेवटी त्याची कड जळते.

मग आमची फट गेली कुठे? या जुन्या इंजिनाचे हेड बिडाचे आहे आणि व्हॉल्व्हची सीट त्या बिडातच कोरलेली आहे. पूर्वी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालत. त्याचा पातळ थर सीटवर बसून तिला झिजू देत नसे. शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असल्याने ते बंद होणे अत्यंत आवश्यक होते आणि २००० सालापासून आपल्या देशात शिसेरहित पेट्रोलच मिळते. पण तेव्हापासून जुन्या बिडाच्या सीट हळूहळू झिजतात. सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट कमी होत जाते. दर काही हजार किलोमीटरांनी फट तपासली तर काहीच बिघडत नाही. आमच्याकडे कित्येक वर्षे कोणी झाकण उघडलेच नव्हते. दोष पेट्रोलचा नव्हता, गाडीचाही नव्हता. दोष आमच्या दुर्लक्षाचा होता.

'नऊ'चा नियम

फट बसवताना तो व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेला असला पाहिजे. ते कसे ओळखायचे? या इंजिनात एका ओळीत आठ व्हॉल्व्ह असतात आणि सिलिंडर १-३-४-२ या क्रमाने पेटतात. त्यामुळे एक सोपा नियम निघतो. ज्या व्हॉल्व्हची फट बसवायची त्याचा क्रमांक नवातून वजा करा. जे उत्तर येईल त्या क्रमांकाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असताना आपला व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेला असतो. पहिल्याची फट बसवायची तर आठवा उघडा हवा, तिसऱ्याची तर सहावा, पाचव्याची तर चौथा. आमचा दोषी व्हॉल्व्ह पाचवा होता. इग्निशन बंद करून, प्लग काढून, पुढचे हँडल हळूहळू फिरवत चौथा व्हॉल्व्ह पूर्ण खाली गेला तेथे थांबलो आणि पाचव्याची फट बसवली. हा नियम आठ व्हॉल्व्हच्या अशा रचनेच्या इंजिनापुरताच आहे, हे विसरू नका.

आठही फटी बसवून पुन्हा दाब मोजला. तिसरा ६२ वरून ८८ वर आला. गाडी लगेच सुधारली. पण शेजाऱ्यांच्या ११८ पर्यंत तो पोचला नाही. 'चालतंय की' म्हणून सोडून द्यावे असे मला वाटले. भाच्याने वहीत ८८ खाली लाल रेघ ओढली होती.

मग शेवटची परीक्षा केली. एका जुन्या प्लगचे चिनीमातीचे अंग काढून त्यावर ट्यूबचा वाल्व ब्रेझ करून घेतला. तिसरा पिस्टन अगदी वर, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले अशा स्थितीत आणून त्यातून थोडी हवा भरली. हवा सायलेन्सरमधून फुसफुसली तर धुराचा व्हॉल्व्ह गळतो, कार्बुरेटरमधून आली तर हवा आत घेणारा व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंगा. भाच्याने सायलेन्सरला कान लावला आणि हात वर केला. तेथूनच आवाज येत होता. व्हॉल्व्हची कड थोडी जळली होती.

(ही परीक्षा करताना गाडी चौथ्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून ठेवावी आणि फिरवायचे हँडल काढूनच घ्यावे. हवेच्या दाबाने इंजिन फिरले तर हँडल हात मोडते.)

हेड उतरवणे आणि व्हॉल्व्ह घासणे

हे काम घरी होते, पण घाईने होत नाही. आम्हाला दोन शनिवार-रविवार लागले. पायऱ्या अशा :

१. इंजिन पूर्ण गार असताना बॅटरीची वायर सोडावी आणि रेडिएटरचे पाणी एका भांड्यात काढावे. कूलंट चवीला गोड पण विषारी असते, भांडे लहान मुलांपासून आणि कुत्र्या-मांजरांपासून दूर ठेवावे.

२. कार्बुरेटर आणि मॅनिफोल्ड सोडवताना कोणती नळी कुठली, हे चिठ्ठ्या लावून ठेवावे. आम्ही मोबाईलवर फोटोही काढले.

३. हेडचे नट एकदम एकेक करून सैल करू नयेत. घट्ट करण्याच्या उलट क्रमाने, प्रत्येक नट थोडा थोडा सोडावा. नाहीतर हेड वाकते.

४. पुशरॉड काढताना जरा पिळून, सावकाश वर ओढावेत. खालचे टॅपेट ऑइलमुळे त्यांना चिकटून वर येऊ शकतात. पुठ्ठ्याला आठ भोके पाडून, क्रमांक घालून त्यात ते क्रमाने खोचावेत. जो जिथला तो तिथेच परत गेला पाहिजे.

५. हेड काढल्यावर सिलिंडरच्या भोकांत स्वच्छ कापड घालून ठेवावे, म्हणजे आत काही पडणार नाही.

आमचा पाचवा व्हॉल्व्ह एका बाजूला करपला होता, म्हणून तो नवा घेतला. नवा व्हॉल्व्ह सीटवर नीट बसावा यासाठी ग्राइंडिंग पेस्ट लावून, रबरी चोखणी असलेल्या दांड्याने तो उलटसुलट फिरवायचा. रवी फिरवतो तसे दोन्ही तळहातांत दांडा धरायचा. मध्येमध्ये व्हॉल्व्ह उचलून थोडा वळवून ठेवायचा. आधी जाड पेस्ट, मग बारीक. व्हॉल्व्हवर आणि सीटवर न तुटलेले, सारख्या रुंदीचे करड्या रंगाचे कडे दिसले की झाले. भाच्याने हे काम तासभर केले. त्याच्या तळहाताला फोड आला, पण कडे एकसारखे उमटले.

येथे एक मोठा धोका आहे. पेस्टमध्ये धार लावणारे बारीक कण असतात. त्यातले थोडेही सिलिंडरमध्ये राहिले तर ते रिंगा खातात आणि मेकॅनिकने सांगितलेला रोग खरोखरच जडतो. म्हणून हेड डिझेलने तीनदा धुतले, मग साबणाच्या पाण्याने, मग कोरडे पुसून ऑइलचा हात फिरवला. धुण्यासाठी पेट्रोल कधीही वापरू नये. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेट घेते.

हेड सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यावर पोलादी पट्टी उभी धरली आणि खालून ०.०५ मि.मी.चे पाते शिरते का ते तपासले. कुठे शिरले नाही. शिरले असते तर उद्यमबागेत एखाद्या मशीन शॉपमध्ये हेड प्लेन करून घ्यावे लागले असते. सीट फारच खोल गेली असेल तर तेथेच कठीण पोलादाची सीट रिंग बसवून मिळते. जे काम यंत्राचे आहे ते यंत्रावरच करावे. घरी दुरुस्ती म्हणजे सगळेच घरी, असा हट्ट नको.

घट्ट म्हणजे किती घट्ट?

नवे गॅस्केट घालून हेड बसवले. नट मध्यापासून बाहेरच्या बाजूला, पुस्तिकेतल्या क्रमाने आणि तीन टप्प्यांत आवळायचे. 'हाताला लागेल तेवढे घट्ट' हे माप नव्हे. त्यासाठी टॉर्क रेंच लागतो. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी हिशोब सोपा आहे :

पीळ = बल × अंतर

समजा, नटाला ६० न्यूटन-मीटर पीळ द्यायचा आहे आणि पाना ०.४ मीटर लांब आहे. तर बल = ६० ÷ ०.४ = १५० न्यूटन. म्हणजे साधारण पंधरा किलो वजन टोकाला लटकवल्याइतका जोर. पाना निम्म्या लांबीचा घेतला तर जोर दुप्पट लावावा लागेल. लांब पान्याने माणूस नट तोडतो, तो याच कारणाने. त्याला आपण किती पीळ देतो हे कळतच नाही.

बंद दाराआड

आता ती गोष्ट, जी सांगितल्याशिवाय हा पाठ पुरा होत नाही.

इंजिन जोडून झाले तोवर जून उजाडला होता. आपल्या बेळगावचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. शेडमध्ये झड येऊ लागली म्हणून मी पत्र्याचे दार ओढून घेतले आणि इंजिन सुरू केले. पहिल्याच झटक्यात सुरू झाले. आवाज इतका सरळ, इतका गोल, की आम्ही दोघे नुसते ऐकत उभे राहिलो. पाचएक मिनिटांनी भाचा म्हणाला, "मामा, माझं डोकं जड झालंय." मी म्हणालो, दमला असशील. तेवढ्यात वडिलांनी दार लाथेने उघडले. "आधी बाहेर या! दोघंही!" एवढेच ओरडले आणि भाच्याला हाताला धरून पावसात ओढले.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मग रक्त वाहत असते, पण ऑक्सिजन नेत नाही. डोके जड होणे, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे. माणसाला झोप आल्यासारखे वाटते आणि तो उठत नाही. मी विज्ञान शिकवतो. हा वायू मी फळ्यावर कितीतरी वेळा लिहिला आहे. तरी दार मीच लावले होते. भाच्याला तासाभरात बरे वाटले, तरी डॉक्टरांना दाखवून आणले. बहिणीला ही गोष्ट सांगताना माझी मान खाली होती.

म्हणून नियम म्हणून लिहून ठेवा : इंजिन नेहमी उघड्यावर सुरू करावे. दार उघडे आहे एवढेही पुरेसे नाही, गाडीच बाहेर ढकलावी. पाऊस असेल तर काम उद्या करावे.

आणखी तीन नियम : नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये, स्टँड लावावेत. फिरत्या पंख्याजवळ सैल बाह्या, ओढणी, मोकळे केस नकोत. काढलेले ऑइल गटारात ओतू नये, डब्यात भरून जुने ऑइल घेणाऱ्याला द्यावे.

शेवटचे आकडे

गाडी पुरेशी चालवून पुस्तिकेप्रमाणे नट आणि फटी पुन्हा तपासल्या. मग दाब मोजला. ११६, ११९, ११४, ११७. भाच्याने हे आकडे वहीच्या पानावर सगळ्यांत खाली लिहिले आणि आजोबांना वही दाखवली. वडिलांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून सगळे वाचले. चुकीचे आकडेसुद्धा आम्ही खोडले नव्हते. ते म्हणाले, "ही वही गाडीतच ठेवा. पुढच्याला लागेल."

गाडीची प्रदूषण तपासणी झाली, नोंदणीही वाढवून मिळाली. एकूण खर्च बोअर करण्याच्या अंदाजाच्या दहाव्या हिश्शाइतकाही झाला नाही. त्या मेकॅनिकवर माझा राग नाही. त्यांनी कानाने अंदाज केला आणि तो चुकला. आम्ही तर तीन रविवार अंदाजानेच काम करत होतो.

एक गोष्ट जुन्या गाडीच्या मालकांसाठी. आता पंपांवर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल ओलावा शोषून घेते आणि जुन्या रबराच्या नळ्या नरम पाडते. म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा बसवावा आणि गाडी टाकी भरून महिनोन्‌महिने उभी ठेवू नये.

संस्थेच्या विश्वस्तांना एक नम्र विनंती. एक कॉम्प्रेशन गेज, एक फिलर गेज आणि एक टॉर्क रेंच एवढी साधने शाळेच्या प्रयोगशाळेत आली आणि एखाद्या पालकाने निकामी झालेले इंजिन दिले, तर प्रसरण, दाब, बल आणि पीळ हे चार पाठ मुलामुलींना हाताने शिकता येतील. व्हॉल्व्ह घासताना आलेला फोड आठ दिवसांत बरा होतो. त्यातून समजलेला पाठ राहतो.

स्वाध्याय

१. एका इंजिनाचे चारही सिलिंडर ७३.०२५ मि.मी. व्यासाचे आहेत आणि पिस्टनची चाल ८८.९ मि.मी. आहे. इंजिनाचे एकूण आकारमान किती घन सें.मी.? (तुमचे उत्तर या लेखात कोठे तरी सापडेल.)

२. दाबाचे आकडे असे आहेत : १२०, ६०, ५८, ११८. ऑइल टाकून मोजले तरी तेच. बिघाड कोठे असावा? कारण लिहा.

३. सहाव्या व्हॉल्व्हची फट बसवायची आहे. कोणता व्हॉल्व्ह पूर्ण उघडा हवा?

४. चार फेऱ्यांच्या इंजिनात, म्हणजे फोर स्ट्रोकमध्ये, प्रत्येक व्हॉल्व्ह इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदा उघडतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे करत असेल तर एक व्हॉल्व्ह सेकंदाला किती वेळा उघडतो?

५. तुमच्या घरातील एक बंद पडलेली वस्तू निवडा. ती न उघडता, तिच्यात काय बिघडले असेल याच्या तीन शक्यता आणि प्रत्येक शक्यता तपासण्याची एक रीत वहीत लिहा. मग मोठ्यांना बरोबर घेऊनच पुढे जा.